खलाशी पूर्वजांच्या शोधात : मस्जिद बंदर ते दाभोळची खाडी

मुंबईत सीएसएमटीहून लोकल सुटली की पहिले स्टेशन लागते मस्जिद. नाव ऐकून बाहेरगावचा मुसलमान आसपासची मशीद शोधू लागतो. या भागात मशिदी पुष्कळ आहेत. पण स्टेशनाला हे नाव मिळाले ते एका यहुदी प्रार्थनास्थळावरून, असे सांगतात. स्टेशनच्या पश्चिमेला सॅम्युअल स्ट्रीटवर सॅम्युअल इझिकेल दिवेकर या बेने इस्रायल गृहस्थांनी 1796 मध्ये ते उभारले. कोकणातले हे यहुदी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. दिवेकर कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानांच्या कैदेत पडले आणि सुखरूप सुटलो तर इबादतीची जागा बांधीन अशी मन्नत त्यांनी मानली, अशी कथा आहे.

म्हणजे या वस्तीचे नाव इंग्रजांच्या लढाईवरून परत आलेल्या एका कोकणी माणसाशी जोडलेले आहे. जे परत आलेच नाहीत त्यांची नावे स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला आहेत. आम्ही गेलो होतो त्या बाजूला.

पूर्वेला उतरले की हातगाड्या, हमाल, मालाने भरलेले ट्रक आणि पुढे गोदीची भिंत. याच भागात इंडियन सेलर्स होम आहे. जहाजावर चढण्याआधी किंवा जहाजावरून उतरल्यावर खलाशांनी राहावे म्हणून बांधलेली ही वास्तू. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या हिंदी खलाशांचे स्मारक याच वास्तूत आहे. समुद्र हीच ज्यांची कबर झाली अशा दोन हजारांहून अधिक माणसांची नावे या स्मारकावर आहेत. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांहून अधिक खलाशांच्या नावांची नोंदवहीही येथेच ठेवली जाते. तिचीच दुसरी प्रत चितगावला आहे. आम्ही आधी कळवून, परवानगी घेऊन गेलो होतो. बरोबर ऐंशी पार केलेली आमची फुफी होती. नावांसमोर उभी राहिल्यावर ती पहिल्यांदा एवढेच म्हणाली, "ही तर आपल्या मोहल्ल्याची हजेरी झाली."

फुफीचे म्हणणे खोटे नव्हते. कोकणी मुसलमानांच्या घरांत बोट म्हणजे रोजगार, हे समीकरण फार जुने. अरबी समुद्रावर वाढलेली ही माणसे शिडाच्या गलबतांवरून आगबोटींवर गेली. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या मुंबईहून भरती होणाऱ्या बोटींवर कामाची विभागणी ठरलेली असे. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरात किनाऱ्याचे लोक, खाली इंजिनात पंजाबी आणि पठाण, तर जेवणखाण आणि केबिनच्या कामाला गोव्याचे ख्रिस्ती. डेकवरचा मुख्य तो सारंग. त्याच्या हाताखाली तांडेल. सुकाणू धरणारा सुकाणी, दिवे आणि सामान सांभाळणारा कसाब, बाकी खलाशी. इंजिनात आगवाला, कोळसेवाला, तेलवाला. स्वयंपाक करणारा भंडारी आणि झाडलोट करणारा टोपास. इंग्रज मात्र या सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरीत : लास्कर.

लास्करांचा करार गोऱ्या खलाशांपेक्षा वेगळा असे. पगार गोऱ्यांच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. 1906 च्या कायद्याने ब्रिटिश खलाशाला जहाजावर झोपण्या-राहण्यासाठी 120 घनफूट जागा ठरवून दिली. हिंदी खलाशासाठी हिशेब होता 36 घनफुटांचा. भरती घाट सारंगाच्या हातात. त्याची मर्जी राखायची, त्याच्याकडून उचल घ्यायची आणि परतल्यावर ती फेडायची. दोन सफरींच्या मधला काळ डोंगरी-माझगावकडच्या गाव-जमातीच्या खोल्यांमध्ये काढायचा. युद्ध सुरू झाले म्हणून यातले काही बदलले नाही. एवढाच फरक पडला की त्याच बोटींवर आता पाणबुड्यांचे तीर सुटू लागले. या माणसांच्या हातात बंदूक नव्हती, अंगावर वर्दी नव्हती. तरी पहिल्या महायुद्धात तीन हजारांहून अधिक हिंदी खलाशी मारले गेले.

आमचे पणजोबा त्यांतले एक, असे घरात सांगत; पण सांगण्यात तारीख नव्हती आणि कागदही नव्हता. होता फक्त एक शब्द, "पर्शा". "पर्शाने नेले" असे पणजी म्हणत असे. आमच्या वडिलांना वाटे, पर्शा हे एखाद्या आजाराचे नाव असेल. एका चुलत्यांच्या मते तो कोणी भरती करणारा दलाल होता. पणजोबांचे नाव आणि त्यांच्या वडिलांचे नाव, दोन्ही पैगंबरांची. अशी जोडी किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांत सापडेल. तेवढ्यावर माग कसा काढणार?

धागा हाती लागला तो जहाजांच्या यादीत. पी अँड ओ कंपनीची "पर्शिया" नावाची प्रवासी बोट 30 डिसेंबर 1915 रोजी भूमध्य समुद्रात क्रीट बेटाच्या दक्षिणेला बुडाली. लंडनहून निघून मार्सेलिस, माल्टा करीत ती मुंबईलाच येत होती. दुपारच्या जेवणाच्या वेळी जर्मन पाणबुडीचा तीर लागला आणि काही मिनिटांत बोट तळाला गेली. 519 माणसांपैकी 343 मेली. होड्यांतून वाचलेल्यांना मिसरमध्ये अलेक्झांड्रियाला नेण्यात आले.

या बोटीबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कपूरथळ्याच्या महाराजांचे जडजवाहीर तिच्यावर होते. महाराज स्वतः मार्सेलिसला उतरले म्हणून वाचले. रोल्स रॉईस मोटारीच्या नाकावर पंख पसरलेली जी स्त्रीमूर्ती असते, ती जिच्यावरून घडवली असे सांगतात ती एलिनॉर थॉर्नटन याच बोटीवर मेली. 2003 मध्ये खोल समुद्रातून बोटीतला काही ऐवज वर काढला गेला. हे सर्व वाचताना आम्ही एकच गोष्ट शोधत होतो, डेकवर काम करणारे कोण होते? त्यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी "आणि लास्कर" एवढेच दोन शब्द आलेले दिसले.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावर मुंबईच्या स्मारकावरील नावे शोधता येतात, तीही विनामूल्य. तेथे पणजोबांचे नाव आणि वडिलांचे नाव जुळणाऱ्या एकाहून अधिक नोंदी निघाल्या. "पर्शिया"वरच्या दोन. एक साधा खलाशी, दुसरा तांडेल. यांतले आमचे कोण? संगणक येथे थांबला. म्हणून आम्ही गावी गेलो.

आमचे गाव दाभोळच्या खाडीवर. वाशिष्ठी नदी येथे समुद्राला मिळते. दाभोळ ते धोपावे अशी फेरीबोट चालते. गाड्या, दुचाक्या, शाळेची मुले आणि माशांच्या टोपल्या एकाच वेळी पलीकडे जातात. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे मोठे बंदर होते. हजला जाणारे लोक येथून जहाजावर चढत. आदिलशाहीच्या काळातली दगडी शाही मशीद किनाऱ्यापासून जवळच उभी आहे. नारळीच्या बागांमधून तिचा घुमट दिसतो. बंदर गाळाने भरले, व्यापार मुंबईला गेला आणि त्यामागोमाग माणसेही. गावाच्या दोन वाटा ठरल्या, मुंबई आणि बोट.

गावात आम्ही जुनी कागदपत्रे शोधायला गेलो होतो, पण उपयोगी पडली ती माणसे. आमचे आडनाव वेगळे असूनही वरच्या वाडीतल्या एका वृद्ध चाचांनी आम्हाला पाहताच विचारले, "तांडेलांच्या घरचे ना तुम्ही?" आमच्या घराला गावात हे नाव आहे, याची फुफीलासुद्धा आठवण राहिली नव्हती. आम्ही विचारले, घरात तांडेल कोण होते? चाचा म्हणाले, "जो बोटीबरोबर गेला तो."

इंग्रजांच्या वहीला हुद्दा माहीत होता, घर माहीत नव्हते. गावाला घर माहीत होते, बोट कुठे बुडाली ते माहीत नव्हते. दोन्ही एकत्र आले तेव्हा माणूस सापडला. यापुढे खरे काय ते अल्लाह जाणे, पण आमच्या मनाची खात्री झाली.

फुफीला मात्र नावापेक्षा तारीख हवी होती. त्याचे कारण तिने परतीच्या वाटेवर सांगितले. बोट बुडाल्याची खबर शेजारच्या गावच्या एका खलाशाने तोंडी आणली होती. त्याने पणजोबांना मरताना पाहिले नव्हते. वाचलेले लोक मिसरला नेले, हेही त्यानेच सांगितले. मग "तो मिसरला असेल" ही आशा घरात शिरली ती कायमची. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आपल्या मसलकात गायबाना जनाजाची नमाज जायज आहे, पण मौतीची खात्री तर हवी! ती नव्हती म्हणून नमाज झाली नाही. मौतीची तारीख नाही, तर इद्दत कोणत्या दिवसापासून मोजायची? बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने किती काळ वाट पाहावी, यावर फुकहांमध्ये मतभेद आहेत. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर निकाह रद्द करून मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला तो 1939 मध्ये. तोवर पणजीचे अर्धे आयुष्य सरले होते. ती ना सवाष्ण होती, ना बेवा. दिवेलागणीला ती धक्क्याच्या वाटेकडे तोंड करून बसे, हे फुफीने लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. 1958 मध्ये ती वारली.

हिशेब मांडून पाहिला. 30 डिसेंबर 1915 म्हणजे हिजरी 1334 चा सफर महिना, वार जुमेरात. त्या दिवसापासून चार महिने दहा दिवस मोजले, तर पणजीची इद्दत मे 1916 च्या पहिल्या आठवड्यात पुरी झाली असती. त्यानंतर ती 42 वर्षे वाट पाहत राहिली. कोणीतरी एका कागदावर एक तारीख लिहून ती त्या घरापर्यंत पोहोचवली असती, तर एका बाईचे आयुष्य वेगळे झाले असते. गावच्या कबरस्तानात पणजीच्या कबरीपाशी फुफीने ती तारीख मोठ्याने सांगितली, फातेहा पढली आणि मगच ती निघाली.

हे फक्त आमच्या घरचे नाही. दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. ब्रिटिश इंडिया कंपनीची "तिलावा" बोट मुंबईहून आफ्रिकेकडे जात असताना 23 नोव्हेंबर 1942 रोजी जपानी पाणबुडीने हिंदी महासागरात बुडवली. 958 पैकी 280 माणसे गेली. वाचलेल्यांना चारच दिवसांनी मुंबईच्या किनाऱ्याला आणले गेले. 14 एप्रिल 1944 रोजी तर युद्ध मस्जिद बंदरच्या दारात आले. व्हिक्टोरिया गोदीत "फोर्ट स्टिकिन" हे दारूगोळ्याने भरलेले जहाज फुटले आणि आसपासचा परिसर जळाला. त्या युद्धात हिंदी खलाशी मेले सहा हजारांहून अधिक. लंडनमध्ये टॉवरजवळ व्यापारी जहाजांवर मेलेल्यांचे भव्य स्मारक आहे. 36 हजारांच्या आसपास नावे आहेत. एकाच बोटीवर एकाच वेळी मेलेल्यांपैकी गोऱ्यांची नावे तेथे आणि आपल्या खलाशांची बहुतेक नावे मुंबई-चितगावला, असा प्रकार आहे.

फौजेत गेलेल्यांची तऱ्हाही फार वेगळी नाही. देशावरचे दख्खनी मुसलमान मराठा पलटणींमध्ये भरती होत. इराकमध्ये कुत-अल-अमारा येथे पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला तुर्की फौजेने वेढले. 147 दिवसांनी, 29 एप्रिल 1916 रोजी, सुमारे 13 हजार माणसे शरण गेली. पुष्कळजण कैदेत आणि वाटेत मेले. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. हा भेदभाव झाला, हे कमिशनने 2021 च्या आपल्या अहवालात कबूल केले आहे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो आमच्या घरातही निघाला. बसऱ्याला जी फौज गेली ती उस्मानी खलिफाच्या फौजेशी लढायला गेली, आणि तिला वाहून नेणाऱ्या बोटींवर आपलेच खलाशी होते. मग या पूर्वजांचा अभिमान धरायचा की नाही? आमच्यातला एक भाऊ म्हणाला, ज्या सरकारने देश गुलाम ठेवला त्याच्या यादीत नाव सापडले म्हणून आनंद कसला? दुसरा म्हणाला, पदक मिळाले असते तर भिंतीवर लावले असते. फुफीने दोघांना गप्प केले. ती म्हणाली, "तो सरकारसाठी गेला नाही. घरात दाणा नव्हता म्हणून गेला. आणि बुडून मेलेल्याला शहिदाचा दर्जा आहे, असे हदीसमध्ये आहे. तो हिशेब अल्लाहकडे. सरकारकडून मला फक्त तारीख हवी होती."

आम्हाला तिचे म्हणणे पटले. इंग्रजांची नोंद हा काही आपल्या माणसांना मिळालेला सन्मान नव्हे. ती एक पावती आहे. आपण ती मागून घ्यावी, कारण तिच्यावर आपल्या माणसाचे नाव आहे.

ज्या वाचकांच्या घरी अशी अर्धवट गोष्ट असेल, त्यांना आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. प्रथम घरातल्या वृद्धांना विचारा आणि ते सांगतील तसेच लिहा. चुकीचा वाटणारा शब्दही दुरुस्त करू नका. आमची "पर्शा" तशीच राहिली म्हणून "पर्शिया" सापडली. घराला गावात कोणते नाव आहे, वडिलांचे नाव काय, कोणत्या बंदरातून गेले, ईदच्या आधी की नंतर, सगळे टिपा. जुन्या पेट्या उघडा. खलाशाची नोकरीची वही, जिला जुने लोक नली म्हणत, हा सर्वांत मोठा पुरावा. गोल पदक असेल तर त्याच्या कडेवर पाहा, बारीक अक्षरात नाव कोरलेले असू शकते.

यादीत शोधताना आडनावावर विसंबू नका. इंग्रज कारकून बहुतेक वेळा नाव आणि बापाचे नाव एवढेच लिहीत, आणि सारंग किंवा तांडेल हा हुद्दा आहे की आडनाव, हा घोळ कायमचा. स्पेलिंग पाच-सहा प्रकारे करून पाहा. गावांची जुनी रूपेही ध्यानात ठेवा. दाभोळ तेव्हा "डाबुल" होते. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता आणि मुरूड-श्रीवर्धनचा मुलूख जंजिरा संस्थानात मोडत होता. 1915 मधल्या ब्रिटिश जहाजांवरील नोकरांच्या याद्या लंडनच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने स्वयंसेवकांच्या मदतीने खुल्या केल्या आहेत. लास्करांचे करार वेगळे असल्यामुळे त्यांत आपली सगळी माणसे सापडत नाहीत, पण पाहायला हरकत नाही. मुले-नातवंडे लंडनला असतील तर त्यांना क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आणि ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात पाठवा. मुंबईत काळा घोड्याजवळ राज्य पुराभिलेखागार आहे.

आणि नाव सापडले नाही तर निराश होऊ नका. खलाशांच्या स्मारकावर फक्त शत्रूच्या हल्ल्यात गेलेल्यांची नोंद झाली. जो आगवाला बॉयलरपुढे उष्म्याने कोसळला, जो खलाशी परक्या बंदरात न्यूमोनियाने गेला, तो त्या यादीत नाही. त्याचे जाणे तेवढेच खरे होते.

स्मारकावरचे नाव पाहून झाल्यावर आम्ही केवळ आमच्या पणजोबांसाठी दुआ मागितली नाही. त्याच नावाचा तो दुसरा, साधा खलाशी, त्याचेही कुणी घर असेल. त्या घरातही कुणी वाट पाहिली असेल. कदाचित त्याची पणतवंडे हे मासिक वाचत असतील. अल्लाह सर्व मरहुमांची मगफिरत करो. येत्या ईदला घर भरेल तेव्हा एक वही घेऊन घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि विचारा, आपल्यातले कोण बोटीवर गेले होते? बोटीचे नाव काय होते? उत्तर देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.